मंडळाची वेबसाइट: वर्डप्रेस की नुसतं एचटीएमएल?

लष्कर भागातल्या आमच्या मंडळाची वेबसाइट नव्याने करायची आहे आणि कार्यकारिणीपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स) वर्डप्रेस, म्हणजे लॉगिन करून ब्राउझरमधूनच लेख-फोटो टाकता येणारी तयार प्रणाली. दुसरा, ह्यूगोसारख्या साधनाने घरच्या कॉम्प्युटरवर पानं तयार करून नुसत्या एचटीएमएल फाइली, म्हणजे तयार वेबपानं, सर्व्हरवर चढवायच्या. दिसायला दोन्ही सारख्याच. मी एकच प्रश्न लावून पाहिला: सर्व्हरवरची फाइल कोण उडवू शकतं?

हा प्रश्न डोक्यात बसला तो 2018 पासून. वर्डप्रेसच्या 4.9.6 पर्यंतच्या आवृत्त्यांत एक भोक होतं. ‘लेखक’ दर्जाचं खातं असलेल्या माणसाने फोटो चढवायचा, त्याच्या थंबनेलच्या (छोट्या प्रतीच्या) नावाच्या जागी भलत्याच फाइलचा पत्ता घालायचा आणि फोटो डिलीट करायचा. वर्डप्रेस पत्ता न तपासता ती फाइल पुसायचं. रिप्स टेक्नॉलॉजीज या कोडमधली भोकं शोधणाऱ्या कंपनीने हे नोव्हेंबर 2017 मध्येच कळवलं होतं. दुरुस्ती आली जुलै 2018 मध्ये, 4.9.7 सोबत.

डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसला त्याचा डेटाबेस (साइटचा सगळा मजकूर) कुठे आहे ते सांगणारी फाइल गेली की काय होतं, ते मी पाहिलंय. चोर कुणी नव्हता. एफटीपीवर, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली थेट हाताळायच्या सोयीतून, साफसफाई करताना माझ्याच हातून ती गेली. सकाळी काकांचा फोन, “अरे, साइट उघडली तर नुसती भाषांची यादी येतेय!” यादीत मराठीही होती. ती नव्याने इन्स्टॉल करायची पहिली पायरी. अशा वेळी जो आधी पोचेल तो स्वतःचा डेटाबेस जोडून अ‍ॅडमिन होऊन बसतो, मग सर्व्हरवर हवा तो कोड चालवतो.

फाइल ‘रीड ओन्ली’ केली की झालं, असं मला वाटायचं. पण लिनक्सवर (होस्टिंगचे बहुतेक सर्व्हर यावरच चालतात) फाइल पुसायची परवानगी ठरते ती फोल्डरवरून. शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, बहुधा तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं, म्हणजे फोल्डरही त्याच्याच हातात. त्याच खात्यात ठेवलेला बॅकअपही.

एचटीएमएलच्या साइटला लॉगिन नाही, पीएचपी नाही. पुसायला सांगायचं कुणाला? होस्टिंगचा पासवर्ड फुटला तर साइट जाईलच, पण घरून पुन्हा चढवता येते. खरी अडचण वेगळी. गणेशोत्सवाचा वृत्तांत टाकायला दरवेळी तो कॉम्प्युटर आणि तो चालवणारा माणूस लागणार. सध्या तो माणूस मी, आणि माझी बदली कधीही होऊ शकते.

वर्डप्रेसमध्ये ताई मोबाइलवरून वृत्तांत टाकतात, हे छोटं सुख नाही. शिवाय 3.7 पासून, म्हणजे 2013 पासून, सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या आपोआप बसतात. होस्टिंगवाल्याने ते बंद केलेलं नाही ना, एवढं बघावं. वृत्तांत लिहिणाऱ्यांना ‘लेखक’ न करता ‘योगदानकर्ता’ करावं. त्यांना फोटो चढवता येत नाहीत, त्यावरून कुरकुर होईल. होऊ दे, फोटो सचिवांनी चढवावेत.

वर्षाला चार-पाचच कार्यक्रम असतील तर माझं मत एचटीएमएलला. दर आठवड्याला कुणी ना कुणी लिहिणार असेल तर वर्डप्रेस घ्या, पण आधी खात्यांची यादी उघडा. आमच्या यादीत पुण्याला जाऊन स्थायिक झालेले माजी सचिव अजूनही अ‍ॅडमिन आहेत.