निफाडजवळच्या मळ्यातल्या घरावर १ किलोवॉटचं सोलर

बजेट कमी असेल तर बॅटरीच्या नादी लागू नका. आम्ही पीएम सूर्यघर योजनेतून १ किलोवॉटचं ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट महावितरणच्या लाइनला जोडलेलं) बसवलं, ३०,००० रुपये अनुदान थेट खात्यात आलं. २ किलोवॉट घेतलं तर ६०,००० मिळतात. चांगलं ऊन असलं की दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज होते. फ्रिज, पंखे, दिवे आरामात निघतात. उरलेली वीज नेटमीटरमधून (येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणारा मीटर) महावितरणकडे जाते, बिलातून वजा होते.

एक गोष्ट विक्रेत्याने आधीच सांगायला हवी होती: लाइट गेली की हे सोलरही बंद! तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःच थांबतो. कारण रास्त आहे, पण मळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तिथे हे लपवणं मला अजिबात पटलं नाही.

काम मात्र चोख. पॅनल दक्षिणेकडे कललेले, अर्थिंग वेगळं, वायरी पाइपातून. द्राक्षांवरची फवारणी उडून काचेवर पांढरट थर बसतो, कडेला तर बोटाने रेघ ओढता येते. सकाळी काच गार असतानाच मऊ फडक्याने धुवा. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, डाग पडतात, म्हणून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरतो.