थॉनी: एकट्याने पायथन शिकणाऱ्यासाठी एडिटर

क्लास न लावता पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसलेल्या माणसाची खरी अडचण पुस्तकांची किंवा व्हिडिओंची नसते, ते तर मुबलक आहेत. अडचण ही की प्रोग्रॅम चुकला की शेजारी बसून "हे बघ, इथे काय झालं" असं दाखवणारं कोणी नसतं. थॉनी हा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, ती जागा बऱ्याच अंशी भरून काढतो, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांसाठी आम्ही तोच सुचवतो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो तयार झाला. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे.

विंडोजचा इन्स्टॉलर साधारण २० एमबीचा आहे आणि पायथन त्यातच येतो. पायथन वेगळा टाका, पाथ (तो कुठे आहे ते संगणकाला सांगणारी नोंद) सेट करा, ही पहिल्याच दिवशी दमवणारी भानगड नाही. २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीसोबत पायथन ३.१० मिळतो. घरातला जुना विंडोज ७ चा संगणक वापरणार असाल, तर डाउनलोडच्या पानावरचा ३२ बिटचा, पायथन ३.८ असलेला इन्स्टॉलर घ्या. शिकण्यासाठी त्यात काही उणं नाही.

उघडल्यावर वर लिहायची जागा आणि खाली शेल, म्हणजे उत्तरं आणि एरर दाखवणारी जागा, एवढंच दिसतं. आधी व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची (किंमत साठवणाऱ्या नावांची) खिडकी उघडून ठेवा आणि मग ती कधीच बंद करू नका. एफ५ ने प्रोग्रॅम चालतो. पण थॉनी ज्यासाठी घ्यायचा ती गोष्ट कंट्रोल आणि एफ५ मध्ये आहे. त्याने प्रोग्रॅम पहिल्याच ओळीवर थांबतो. पुढे एफ६ दाबलं की ओळ एका दमात पूर्ण होते आणि एफ७ दाबलं की तिच्या आत शिरता येतं.

एक उदाहरण घ्या. इनपुट या आज्ञेने कांद्याचा किलोचा भाव विचारायचा, ३ किलोने गुणायचा आणि उत्तर छापायचं. भाव ४० दिला की १२० यायला हवेत, पण येतात ४०४०४०. एररही दाखवत नाही, त्यामुळे नवखा माणूस तासभर भलतीकडेच शोधत बसतो. आता हाच प्रोग्रॅम कंट्रोल एफ५ ने सुरू करून एफ७ ने पुढे न्या. गुणाकाराच्या ओळीवर 'भाव' या शब्दाभोवती चौकट येते, पुढच्या दाबाला शब्दाच्या जागी त्याची किंमत दिसते, आणि ती अवतरणचिन्हांत असते. व्हेरिएबल्सच्या खिडकीतही तसंच. म्हणजे ४० ही संख्या नाही, ती अक्षरं आहेत. इनपुट नेहमी अक्षरंच परत देतं आणि अक्षरांना ३ ने गुणलं की पायथन ती तीनदा जोडून लिहितो. इनपुटला इंटमध्ये, म्हणजे अक्षरांची पूर्ण संख्या करणाऱ्या आज्ञेत, गुंडाळलं की प्रश्न मिटतो. भाव ४०.५० असू शकत असेल तर इंट व्हॅल्यू एरर देईल, तिथे दशांश चालणारा फ्लोट हवा.

फंक्शन, म्हणजे नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रॅमचा तुकडा, शिकताना तर याला तोड नाही. फंक्शनला हाक मारली की थॉनी त्याच्यासाठी वेगळी खिडकी उघडतो आणि तिच्यात त्या हाकेपुरती व्हेरिएबल्स दाखवतो. ५ चं फॅक्टोरियल (५×४×३×२×१) रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारून, काढून पाहा. ५, ४, ३, २, १ अशा खिडक्या एकावर एक चढत जातात, मग एकेक बंद होत उत्तर खाली सोपवतात. थांबायची अट लिहायला विसरलात तर खिडक्या उघडतच राहतात. एफ५ ने चालवल्यावर साधारण हजार हाकांनंतर येणारी रिकर्शन एरर कशामुळे येते, ते इथे डोळ्यांना दिसतं.

यादी (लिस्ट) दुसऱ्या नावाला दिली आणि दुसरी बदलल्यावर पहिलीही बदलली, हा सगळ्यांनाच पडणारा पेच. त्यासाठी व्ह्यूमधून हीप, म्हणजे मेमरीत काय कुठे ठेवलंय ते दाखवणारी खिडकी, उघडा. दोन्ही नावांसमोर एकच पत्ता दिसेल. यादी एकच आहे, नावं दोन. वेगळी प्रत हवी असेल तर यादीवर कॉपी वापरावं लागतं.

मात्र नुसतं एफ७ दाबत बघत बसलात तर सिनेमा पाहिल्यासारखं होईल. शेजारी वही ठेवा. प्रत्येक ओळीआधी कोणत्या व्हेरिएबलची किंमत काय होणार ते लिहा, मगच बटण दाबा. जिथे वही आणि पडदा जुळत नाहीत, तिथेच तुमचं शिकायचं राहिलंय. दहा ओळींचा एक प्रोग्रॅम असा तपासणं हे तीन व्हिडिओ पाहण्यापेक्षा जास्त उपयोगाचं, याबद्दल आम्हाला शंका नाही.

न मिटलेला कंस किंवा अवतरणचिन्ह थॉनी रंगाने दाखवतो, त्यामुळे सिंटॅक्स एररचा (लिहिण्याचे नियम मोडल्याच्या चुकांचा) मोठा वाटा लिहितानाच टळतो. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कोड चिकटवू नका. तिथली वळणदार अवतरणचिन्हं पायथनला चालत नाहीत आणि 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' अशी तक्रार येते. तसंही कोड हाताने टाइप केलेलाच बरा.

मराठीत व्हेरिएबलची नावं देता येतात, 'भाव', 'एकूण' अगदी बिनदिक्कत चालतात. देवनागरी अंकांचं मात्र बघून. इनपुटला कोणी देवनागरीत ४० टाकले तर इंट त्यांचे नीट चाळीस करतो, पण प्रोग्रॅमच्या ओळीत अंक इंग्रजीच लागतात, नाहीतर सिंटॅक्स एरर. लिनक्सवर मराठी मजकुरातली जोडाक्षरं आणि वेलांट्या सुट्या दिसू शकतात. दिसण्यातच दोष आहे, प्रोग्रॅम बरोबर चालतो.

उणिवाही आहेत. आत शिरून दाखवणारा हा डीबगर (चूक शोधायचं साधन) संथ आहे, हजारो फेऱ्यांच्या लूपवर (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागावर) तो वापरू नका, फेऱ्या पाच-सहावर आणून तपासा. एरर आल्यावर असिस्टंटच्या खिडकीत सूचना मिळतात, पण इंग्रजी जेमतेम असेल तर त्या जड जातात. एररची शेवटची ओळ आधी वाचायची आणि मग ओळ क्रमांक बघायचा, ही सवय लावून घ्यावीच लागते. गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची, सोय नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ लायब्ररींचा, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या आयत्या कोडचा, होतो. कमांड प्रॉम्प्टवर पिप (लायब्ररी टाकणारी आज्ञा) चालवून लायब्ररी टाकली तरी थॉनी म्हणतो मॉड्यूल सापडत नाही. कारण थॉनीचा पायथन त्याचा स्वतःचा आहे, तुम्ही टाकली ती दुसऱ्याच पायथनमध्ये गेली. टूल्स मेनूतल्या मॅनेज पॅकेजेसमधूनच टाका. आणि फाइलला रँडम किंवा टर्टल असं लायब्ररीचंच नाव देऊ नका, पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो.

प्रोग्रॅम चार-पाच फाइलींचा झाला किंवा वेबसाइटचं काम सुरू केलं, की व्हीएस कोड या मोठ्या एडिटरकडे जा. थॉनी काढून मात्र टाकू नका. तिकडे एखादं फंक्शन कळेनासं झालं की तेवढंच उचलून इथे आणायचं आणि कंट्रोल एफ५ दाबायचं.