डब्लिनच्या टॅलामध्ये गाडी शिकायची असेल तर आमच्या बाईंकडे जा

तासाला 55 युरो. छोटी मॅन्युअल गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक. दारातून घेतात, दारात सोडतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी शेवटी दिलेलं बुकिंगचं बघून घ्यावं. बाकीच्यांसाठी मी सविस्तर लिहिणार आहे. टॅला, सिटीवेस्ट, लुकन या भागातल्या आपल्या बायकांना गाडी शिकायची एवढी घाई का झाली आहे हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि अशा दिवसांत गाडीत शेजारी कोण बसतं याला फार महत्त्व आहे.

19 जुलै 2025 ला इथेच, किल्नमॅना भागात, नुकत्याच आलेल्या एका भारतीय माणसाला टोळक्यानं रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं, अंगावरचे कपडे ओढून काढले. त्याच्याबद्दल जे घाणेरडे आरोप पसरवले गेले त्यात तथ्य नसल्याचं पुढे गार्डांनीच, म्हणजे इथल्या पोलिसांनीच सांगितलं. मग आणखी हल्ले झाले. वॉटरफर्डला सहा वर्षांच्या मुलीलाही सोडलं नाही, तिची आई माझ्यासारखीच नर्स. 1 ऑगस्टला भारतीय वकिलातीनं सूचना काढली की सुनसान ठिकाणी, विशेषतः अवेळी जाणं टाळा. फिनिक्स पार्कमधला इंडिया डे पुढे ढकलला गेला. आयर्लंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी जाहीर निषेध केला, त्याचा मला मनापासून आधार वाटला. पण आमची पाळी आठ ते आठ असते. अवेळी घराबाहेर पडणं हे आमच्या नोकरीतच आहे, आणि डिसेंबरात सकाळी सातला लुआस ट्रामच्या स्टॉपवर मिट्ट काळोख असतो.

म्हणून गाडी. माझा मिरजेचा परवाना दुचाकीचा. तसाही भारतातला चारचाकीचा परवाना इथे बदलून मिळत नाही, परीक्षा सगळ्यांनाच द्यावी लागते.

सुरुवातीला मी दुसऱ्या एका ठिकाणी नाव घातलं होतं. ते गृहस्थ शिकवायला वाईट नव्हते. हेलफायर क्लबच्या डोंगराकडे जाणाऱ्या चढावर हाफ क्लचवर गाडी धरायला मला त्यांनीच शिकवलं. पण लेन बदलताना मी जरा घुटमळले की म्हणायचे, "इंडियात लेन नसतातच, नाही का?" मिरजेच्या मार्केटात लेन नसतात हे मला मान्य आहे, म्हणून मी सोडून द्यायचे. जुलैनंतर त्यांचा सूर बदलला. तुम्ही सगळे येताय, मग आमच्या पोरांना घरं कुठून मिळणार, हे सुरू झालं. घरभाड्याची झळ मलाही लागते, तेही मी ऐकून घेतलं. मग एक दिवस बातम्यांचा विषय निघाला आणि मी एवढंच म्हटलं की हल्ली रात्री परत येताना भीती वाटते. त्यावर ते म्हणाले, "तुमच्या देशात बायकांचं काय होतं ते आम्ही वाचतो. त्यामानानं इथे सुखात आहेस तू." मी तास पुरा केला, पैसे दिले आणि पुन्हा गेले नाही.

हे एवढं का लागलं ते सांगते. कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलात 9 ऑगस्ट 2024 ला ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा आमच्या वॉर्डातल्या एका आयरिश सहकारी नर्सनं मला विचारलं होतं, "तुमच्याकडे नाइटला असताना तुम्ही पाठ टेकायला कुठे जायचात?" आम्ही चहाचा अख्खा ब्रेक त्यावर बोललो. मी काही लपवलं नाही. रात्री लिफ्टपर्यंत एकटीनं जायला कसं वाटायचं, कोणत्या खोलीला आतून कडी नव्हती, सगळं सांगितलं. तिला त्या मुलीबद्दल आणि माझ्याबद्दल जाणून घ्यायचं होतं. या गृहस्थांना आमच्या मुलींशी काही देणंघेणं नव्हतं, मला गप्प करायला त्यांचं दुःख हाताशी सापडलं, इतकंच. दोघांनी बोट ठेवलं ते एकाच गोष्टीवर. पण तिला माझं उत्तर ऐकायचं होतं, त्यांना नको होतं.

बाईंचा नंबर मला एका फिलिपिनो सहकाऱ्याकडून मिळाला. बाई 68 वर्षांच्या आहेत, मूळ पश्चिम आयर्लंडमधल्या मेयो काउंटीतल्या. पहिल्याच तासाला द स्क्वेअर मॉलजवळ गाडी बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "कुठली तू?" मी इंडिया म्हटलं आणि अंग आक्रसून घेतलं, कारण त्या उत्तरापुढे काय काय येतं ते आता पाठ झालं आहे. बाई म्हणाल्या, "ते झालं गं, गाव कुठलं?" मिरज म्हटलं. तिथे काय असतं, असा पुढचा प्रश्न. मग मी त्यांना सतारमेकर मंडळींबद्दल सांगितलं, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते सांगितलं, आणि तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो तेही सांगितलं. "भोपळा? मग तो कुजत नाही?" बाईंना खरोखरच पडलेला प्रश्न. तो कसा वाळवतात, वाळल्यावर किती हलका आणि टणक होतो, हे समजावून देता देता मी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेले होते आणि खांदे सैल पडले होते. इथे आल्यापासून माझ्या देशाबद्दल मला पुष्कळांनी विचारलं होतं. माझ्या गावाबद्दल बाईंनी पहिल्यांदा विचारलं.

आता शिकवण्याबद्दल. बाई ओरडत नाहीत आणि उगाच कौतुकही करत नाहीत. राउंडअबाउट हा इथला सगळ्यात अवघड भाग, त्यासाठी त्या आदल्या दिवशी कागदावर आकृती काढून फोटो पाठवतात. डावीकडे किंवा सरळ जायचं तर डावी लेन, उजवीकडे जायचं तर उजवी, आणि आपल्या आधीचा फाटा गेला की लगेच डावा सिग्नल. प्रत्यक्षात तिथे पोचल्यावर त्या एकही शब्द जास्त बोलत नाहीत. फक्त "आरसा" म्हणतात. कोपऱ्यावरून रिव्हर्स घेताना कडेच्या दगडाची रेघ मागच्या काचेत नेमकी कुठे दिसली पाहिजे, ते काचेवर बोट ठेवून दाखवतात. मला ते एका तासात जमलं. सक्तीचे 12 तास असतात, प्रत्येकाची नोंद लॉगबुकात लागते. ती त्या तिथल्या तिथे करतात, टाळाटाळ नाही.

ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला घेतलं तो संध्याकाळच्या तासातला. सिग्नलला पहिल्या नंबरवर उभी होते. इलेक्ट्रिक स्कूटरवरून पोरं आली. आधी एल बोर्डावरून चिडवाचिडवी झाली, मग एकानं आत डोकावून माझा चेहरा पाहिला आणि बोनेटवर थाप मारून ओरडला की इंडियात परत जा. दुसरा काचेवर थुंकला. माझा पाय क्लचवर थरथरायला लागला. बाईंनी सेंट्रल लॉकचं बटण दाबलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघू नकोस, दिव्याकडे बघ. पहिला गिअर आहे ना? हिरवा झाला की हळू सोड." हिरवा झाला. मी हळू सोडला. गाडी बंद पडली नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर, उजेडात आणि कॅमेऱ्यासमोर, त्यांनी गाडी लावायला सांगितली. स्वतः उतरून टिश्यूनं काच पुसली. मला पुसू दिली नाही. मग वेळ, रस्ता, स्कूटरचा रंग लिहून घेतला आणि गार्डा स्टेशनला फोन लावून दिला. "आम्ही सगळे असे नाही" हे वाक्य त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला उलट त्यांचीच समजूत काढत बसावं लागलं असतं, "नाही हो, मला माहीत आहे." त्यांनी विचारलं, "घरी जायचं, का तो राउंडअबाउट पुन्हा करायचा?" मी राउंडअबाउट म्हटलं. त्या तासाचे पैसे त्यांनी पूर्ण घेतले, तेही मला आवडलं. दयेपोटी सूट दिली असती तर आवडलं नसतं.

त्यांना हे कुठून येतं ते पुढे एन 81 या हमरस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना कळलं. बाई 17 व्या वर्षी, 1974 मध्ये, इंग्लंडात बर्मिंगहॅमला बेकरीत कामाला गेल्या. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला तिथल्या दोन पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, 21 माणसं गेली, आणि ठपका आयआरए या आयरिश सशस्त्र गटावर आला. आठच दिवसांत नवा दहशतवादविरोधी कायदा आला, संशयावरून सात दिवसांपर्यंत डांबून ठेवायची मुभा देणारा. लाँगब्रिजच्या मोटार कारखान्यात आयरिश कामगारांच्या विरोधात लोक काम सोडून बाहेर पडले. त्या स्फोटांसाठी सहा निरपराध माणसांना 1975 मध्ये जन्मठेप झाली, ती सुटली थेट 1991 ला. सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक बर्मिंगहॅममध्ये बंद पडली ती 1996 मध्ये पुन्हा निघाली. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. बाईंनी सांगितलं ते असं की त्या दिवसांत बसमध्ये तोंड उघडायचं नाही, कंडक्टरच्या हातावर मोजून नाणी ठेवायची. दुकानात पाव मागायचा तर बोटानं दाखवायचा, कारण दोन शब्द बोलले की मेयोचा हेल ऐकू यायचा. घरमालकीण भली बाई, पण स्फोटानंतर पहिल्या रविवारी जेवायला वाढताना तिनं विचारलं, "तुमची माणसं असं का करतात?" आणि या 17 वर्षांच्या मुलीला आयर्लंडच्या वतीनं उत्तर द्यायचं होतं. "मी रडले आणि सॉरी म्हटलं," बाई म्हणाल्या. "मी काय केलं होतं?"

त्यांचं म्हणणं असं की वाईट दिवसांत गप्प राहून दिवस काढणं यात कमीपणा नाही. इथे माझं आणि त्यांचं पटत नाही. मी फोनवर आईशी मराठीत बोलायचं थांबवणार नाही, बसमध्येसुद्धा नाही. माझी मुलगी शाळेत पहिली ओळ मराठीत आणि दुसरी आयरिशमध्ये म्हणून दाखवते, तिला मी कशाच्या जोरावर गप्प बस सांगू? बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं तू ठरव. फक्त दार लॉक ठेव." आम्ही तो विषय तिथेच ठेवला.

पण एक गोष्ट मी त्यांच्यापासून उचलली. कोणी "तुमच्या देशात..." असं सुरू केलं की आता मी 140 कोटींची वकिली घेत नाही. वॉर्डात एका आजोबांनी मला आयरिश नर्स पाठव म्हणून सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "आज रात्री तुमच्यासाठी मीच आहे. मी मिरजेची. तुमचं गाव कुठलं?" ते काही पाघळले नाहीत, भिंतीकडे तोंड करून झोपले. औषध मात्र त्यांनी घेतलं, आणि माझा हात सलाइन लावताना कापला नाही. याआधी अशा रात्री मी घरी येऊन पहाटेपर्यंत मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसायचे, ते बंद झालं.

अर्धा गुण कापला त्याची कारणं. बाई भरभर बोलतात, उत्साहात आल्या की मेयोचे उच्चार आपल्याला कळत नाहीत, स्पष्ट सांगा की हळू बोला, त्या रागावत नाहीत. गाडीचा क्लच फार वर पकडतो, बुटक्या बायकांनी सीटवर उशी घ्यावी. फोन उचलत नाहीत, टेक्स्ट करावा लागतो. ऑटोमॅटिक शिकवत नाहीत. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवानाही तेवढ्याचाच मिळतो, तेव्हा ज्यांना तसंच हवं त्यांनी दुसरीकडे बघावं. परीक्षेला त्यांची गाडी घ्यायची तर वेगळे पैसे पडतात, ते आधीच ठरवून घ्या.

परीक्षेची फी 85 युरो आणि अर्ज आपला आपणच करायचा असतो. तारीख लगेच मिळतेच असं नाही, म्हणून अर्ज लवकर टाका. धोकादायक म्हणून धरलेली एक चूक झाली की नापास, गंभीर प्रकारच्या नऊ झाल्या तरी नापास. मी टॅलाच्याच केंद्रावर पास झाले. आता दोन वर्षं गाडीवर एन, म्हणजे नवशिक्या चालकाची पाटी, लावायची.

बाईंचं नाव आणि नंबर इथे देत नाही. हल्ल्यांच्या विरोधात त्यांनी आपल्या पानावर चार ओळी लिहिल्या तर त्यांना शिव्यांचे इतके मेसेज आले की पानच बंद करावं लागलं. हवा असेल त्यांनी मला निरोप पाठवा, मी त्यांना विचारून देईन. शनिवारची सकाळ मागू नका, नातवाच्या हर्लिंगच्या मॅचेस असतात. मंगळवार-गुरुवार दुपारी बहुतेक जागा मिळते, आणि नाइट करून येणाऱ्यांना त्या झोप झाल्याशिवाय गाडीत बसू देत नाहीत, तेव्हा त्या हिशेबानं वेळ घ्या.