ॲक्सेप्ट कसा करायचा: थ्रेड, एपोल की अनेक प्रोसेस?

सर्व्हर प्रोग्राम नवं कनेक्शन ज्या कॉलने घेतो, तो ॲक्सेप्ट स्वतः काहीही जोडत नाही. टीसीपीचा हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, परस्पर उरकतो आणि तयार कनेक्शन रांगेत ठेवतो. ॲक्सेप्ट रांगेतलं पुढचं कनेक्शन फक्त उचलतो. म्हणून कोणती पद्धत भराभर ॲक्सेप्ट करते, याला फारसं महत्त्व नाही. उचललेलं कनेक्शन नंतर किती वेळ नुसतं बसून राहणार आहे, ते आधी पाहा.

कनेक्शन थोडा वेळ टिकत असेल आणि एका वेळी काहीशेच असतील, तर ब्लॉकिंग ॲक्सेप्ट (कनेक्शन येईपर्यंत थांबून राहणारा) आणि दर कनेक्शनला एक थ्रेड (प्रोग्राममधला कामाचा स्वतंत्र धागा), हेच घ्या. कोड वरून खाली सरळ वाचता येतो. लिनक्सवर एका थ्रेडचा स्टॅक सहसा 8 एमबी धरतात आणि या आकड्याला लोक उगाच बिचकतात. ती आभासी जागा असते, खरी मेमरी वापराइतकीच जाते. टाइमआउट मात्र लावाच, नाहीतर रेंगाळणारे क्लायंट थ्रेड अडवून बसतात.

चॅटसारखी हजारो कनेक्शन तासन्‌तास गप्प बसणार असतील तर एपोल, म्हणजे एकाच थ्रेडमधून अनेक कनेक्शनवर नजर ठेवून हालचाल झाली की कळवणारी लिनक्सची सोय. (सिलेक्ट या जुन्या पर्यायाचा विचार सोडा, 1024 डिस्क्रिप्टरला, म्हणजे उघड्या कनेक्शन-फाइलींच्या क्रमांकांना, तो संपतो.) पण इथे खाचखळगे जास्त. लिसनिंग सॉकेट (नवी कनेक्शन जिथे येतात ते टोक) नॉनब्लॉकिंग, म्हणजे न थांबता लगेच परतणारा, हवाच: सूचना येणं आणि ॲक्सेप्ट होणं यांच्या मध्येच क्लायंट निघून गेला, तर ब्लॉकिंग ॲक्सेप्ट अख्खा लूप थांबवू शकतो. लिनक्सवर ॲक्सेप्टने दिलेल्या नव्या सॉकेटला हा नॉनब्लॉकिंग गुण वारशाने मिळत नाही, बीएसडी सिस्टिमवर मिळतो. आणि डिस्क्रिप्टर संपले की ॲक्सेप्ट अपयशी होतो, कनेक्शन रांगेतच राहतं, एपोल पुन्हा पुन्हा जागं करतो, सीपीयू 100 टक्क्यांवर. ही स्थिती मुद्दाम घडवून पाहिल्याशिवाय एपोलचा सर्व्हर चालू करू नये, असं माझं मत.

एक कोर पुरेनासा झाला, तरच अनेक प्रोसेस. लिनक्स 3.9 पासून, म्हणजे 2013 पासून, रीयूज-पोर्ट हा सॉकेटचा पर्याय वापरून अनेक प्रोसेसना एकाच पोर्टवर स्वतंत्र रांगा मिळतात. वाटणी हॅशने, म्हणजे कनेक्शनच्या पत्ता-पोर्टवरून काढलेल्या आकड्याने, होते. त्यामुळे एक प्रोसेस अडकली की तिच्या रांगेतले ताटकळतात, शेजारची मोकळी असली तरी.

बदल करण्याआधी एसएस कमांडने लिसनिंग सॉकेटची रिसीव्ह-क्यू (ॲक्सेप्टची वाट पाहणारी कनेक्शन) बघा. ती वाढून बॅकलॉगला (रांगेच्या ठरवलेल्या मर्यादेला) टेकत असेल, तर सोमॅक्सकॉन ही कर्नलची वरची मर्यादाही तपासा, लिनक्स 5.4 च्या आधी तो मुळात 128 होता, नंतर 4096 झाला. रांग कायम शून्याजवळ असेल, तर दिरंगाई ॲक्सेप्टच्या पलीकडे, तुमच्या हँडलरमध्ये (कनेक्शनवरचं काम करणाऱ्या कोडमध्ये) आहे.