पंप बदलल्याचे पैसे घेतले, पण सीटखालचं झाकण कधी उघडलंच नव्हतं

गाडी चालता चालता अचानक बंद पडते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी सुरू होते, हा त्रास ज्यांना आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी जुनी पेट्रोलची असेल आणि नागपूरचा उन्हाळा असेल, तर नक्की वाचा. माझे यात २०,९०० रुपये गेले. खरी दुरुस्ती १,६५० रुपयांची निघाली.

आमची गाडी २००८ ची, एमएच ३१. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली गाडी आहे, त्यामुळे ते गेल्यावर ती विकायचा विषय घरात कोणी काढत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मानेवाडा चौकात ती पहिल्यांदा बंद पडली. ढकलून बाजूला घेतली, थोड्या वेळाने सुरू झाली, म्हणून सोडून दिलं. चार दिवसांनी आईला घेऊन मिहानला एम्समध्ये चाललो होतो. दुपारचा एक वाजला होता. अजनीकडून वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढलो, निम्मा पूल ओलांडला आणि इंजिन गेलं. झटका नाही, अडखळणं नाही. चालत्या गाडीची कोणी चावी फिरवावी तसं. स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक पहिले एक-दोन वेळा लागला, नंतर पेडल दगडासारखं झालं, कारण इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदतही थांबते. कडेला घ्यायला जागा नव्हती आणि मागून गाड्या हॉर्न मारत येत होत्या. आई मागे रिपोर्टची पिशवी छातीशी धरून बसली होती. एक शब्द बोलली नाही. मी हातातला टॉवेल हलवत गाडीच्या मागे उभा राहिलो. बावीस मिनिटांनी गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने सांगितलेल्या गॅरेजमध्ये गेलो. मोठं शेड, चार-पाच पोरं कामाला, गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरही होता. स्कॅनर लावला तर एकही कोड निघाला नाही. मालक म्हणाला, "गाडी राहू द्या साहेब, बंद पडली की पाहतो." दुपारी त्यांचा फोन आला, मी गेलो. गाडी खरोखर बंद पडली होती. त्यांनी माझ्यासमोर पेट्रोलचा पाइप काढला, पोराला सेल्फ मारायला सांगितलं आणि पाइपचं तोंड मला दाखवलं. थेंबही येत नव्हता. "पाहा, पेट्रोल येऊनच नाही राह्यलं. पंप गेला." डोळ्यांनी पाहिलं होतं, शंका कशाची घेणार? पंपाचे आणि मजुरीचे मिळून ८,४०० रुपये झाले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाले, जीएसटी वेगळा लागेल. मी साध्या कागदावर लिहून घेतलं आणि यूपीआयने पैसे दिले. जुना पंप मागायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतर पाच दिवस गाडी सुरळीत चालली. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता, आभाळ भरलेलं होतं, हवेत गारवा होता. आम्हाला वाटलं, पंपच गेला होता. पुन्हा ऊन तापलं आणि गाडी छत्रपती चौकाजवळ बंद पडली.

परत तिथेच गेलो. आता मालक म्हणाले, "पंप तर नवा आहे, म्हणजे ईसीएम खराब आहे. दिल्लीला पाठवावं लागते." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. सहा दिवस गाडी त्यांच्याकडे होती. १२,५०० रुपये. संध्याकाळी सात वाजता गाडी ताब्यात दिली, पोराने रिंग रोडवर चक्कर मारून दाखवली. चालली. संध्याकाळी ती चालणारच होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मेअखेरचा नवतपा लागला आणि तिसऱ्याच दिवशी गाडी पुन्हा बंद.

शेजारचे काका मला नंदनवनकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. शेड नाही, कडुनिंबाखाली काम चालतं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी दहा मिनिटं नुसतं विचारत राहिले: गाडी अडखळत बंद पडते की एकदम? आरपीएमचा काटा हळूहळू खाली येतो की धपकन पडतो? सकाळी कधी झालं का? पेट्रोल कमी असताना होते की भरलेली असतानाही? मग म्हणाले, "भाऊ, पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी ओढ सोडते, धक्के देते, मग मरते. तुमची एकदम मरून राहिली, म्हणजे करंटचं काम आहे. पण अंदाजाने सांगणार नाही. उद्या दोन वाजता या. माझ्यासमोर बंद पडली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता चाचा बाजूच्या सीटवर बसले आणि आम्ही आउटर रिंग रोडला गेलो. मांडीवर त्यांचा स्कॅनर. पस्तीस मिनिटांनी गाडी मेली. त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितलं. इंजिन फिरत होतं, आवाज येत होता, पण स्कॅनरवर आरपीएम शून्य. "दिसलं? इंजिन फिरून राहिलं आणि ईसीएमला त्याचा पत्ताच नाही." एअर फिल्टरचा डबा बाजूला करून त्यांनी बाटलीतल्या पाण्यात फडका भिजवला आणि गिअरबॉक्सजवळच्या एका छोट्या सेन्सरवर धरला. दोन-तीन मिनिटं झाली असतील. "मार सेल्फ." पहिल्या सेल्फला गाडी सुरू.

तो क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय आणि कुठल्या जागी आहे, हे तोच ईसीएमला सांगतो. आत केसासारख्या बारीक तारेची कॉइल असते. वर्षानुवर्षं तापून तार आतून तुटते. गार असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असतात, तापल्यावर सुटतात. सिग्नल गेला की ईसीएम ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. नंतर चाचांनी सेन्सर काढून मल्टिमीटर लावला: गार असताना काही शे ओहम, गरम हवेने तापवल्यावर मीटरवर काहीच नाही.

आता मला त्या पाइपाचा अर्थ लागला. चावी ऑन केल्यावर पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो. पुढे इंजिन फिरतंय असा सिग्नल आला तरच ईसीएम त्याला पुन्हा चालवतं. क्रँक सेन्सर मेला असेल तर ते दोन सेकंद संपल्यावर चांगल्या पंपातूनही पाइपाला पेट्रोल येणार नाही. म्हणजे मला जे दाखवलं होतं ते खरं होतं, पण त्यावरून पंप गेला असं म्हणता येत नव्हतं. पंपाला बॅटरीवरून थेट करंट देऊन पाहिला असता तर एका मिनिटात कळलं असतं.

चाचांनी तेच करायचं ठरवलं आणि मागची सीट उचलली, कारण पंप तिच्याखाली असतो. उचलून तसेच थांबले. पंपावरच्या गोल झाकणाच्या स्क्रूंवर गंज चढला होता. झाकणाच्या कडेला कंपनीचं काळं सीलंट जसंच्या तसं, कुठे चिरलेलं नाही, त्यावर सतरा-अठरा वर्षांची धूळ घट्ट बसलेली. "भाऊ, पंप बदलला म्हणता ना? हे झाकण तर कोणी उघडलंच नाही." मी बोटाने ती धूळ खरवडून पाहिली. नखाने निघत नव्हती. हात लावण्याआधीच फोटो घ्यायला हवा होता, पण निदान स्क्रू खोलण्याआधी तरी घेतला. नंतर चाचांनी पंपाला थेट करंट दिला. गेजवर तीन बारच्या आसपास प्रेशर, एकदम स्थिर. २००८ सालचाच पंप होता तो.

चुकीचं निदान मी माफ केलं असतं. अशी मधूनच येणारी बिमारी चांगल्या मिस्त्रीलाही चकवते. पण न बसवलेल्या पंपाचे पैसे घेणं ही चोरी आहे, आणि त्या गाडीत माझी आई पुन्हा बसणार आहे हे माहीत असताना केलेली चोरी आहे. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

फोटो घेऊन मी त्या गॅरेजमध्ये गेलो. मालक आधी म्हणाले, पोराची चूक झाली असेल. मग म्हणाले, पंप "रिपेअर" केला होता. न उघडता कसा केला, याला उत्तर नव्हतं. शेवटी ८,४०० परत केले. ईसीएमच्या पैशांवर मात्र अडून बसले, आणि तिथे मी कमजोर आहे. ईसीएम देताना त्यावरच्या नंबरचा फोटो मी घेतला नव्हता, त्यामुळे ते दिल्लीला गेलं होतं की शेडच्या कपाटात पडलं होतं, हे मला सिद्ध करता येत नाही. तुम्ही ईसीएम कधी काढायला दिलं तर नंबरचा फोटो आधी घ्या. कुरिअरची पावतीही मागा. जुना पार्ट तुमच्या पैशाचा आहे. काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा की तो डिकीत ठेवा. आणि गाडी दुपारी बंद पडत असेल तर ट्रायलही दुपारीच घ्या.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण गॅरेजने दाद दिली नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. साध्या कागदावरचा तो हिशेब, यूपीआयची नोंद आणि झाकणाचा फोटो, एवढंच माझ्याकडे होतं. पक्कं बिल देण्याचं टाळणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही मला तिथेच कळलं. तारखा चालू आहेत.

नवा सेन्सर १,२५० चा, मजुरी ४००. चाचांनी जुना सेन्सर न मागता कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. त्यानंतर अख्खा जून गाडी एकदाही बंद पडली नाही. आईला मात्र अजून त्या पुलाची भीती वाटते. एम्सला जाताना आम्ही पुलाखालच्या रस्त्यानेच जातो, सगळे सिग्नल घेत.