बीटीआरएफएस-प्रॉग्ज: बिघडलेला कॅशे पुसायला पक्कं, पण पर्याय निवडताना जपून

बीटीआरएफएस ही लिनक्सची एक फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, आणि बीटीआरएफएस-प्रॉग्ज ही तिची तपासणी-दुरुस्तीची कमांड टूल्स. लाईट गेल्यामुळे मशीन धाडकन बंद पडलं की पुढच्या बूटला कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये 'फेल्ड टू लोड फ्री स्पेस कॅशे' अशी ओळ दिसू शकते. तिच्याच शेपटीला 'रीबिल्डिंग इट नाऊ' असतं, म्हणजे कर्नलने काम हातात घेतलेलं असतं. कोणत्या ब्लॉक ग्रुपमध्ये (डिस्कच्या मोठ्या तुकड्यात) कुठे किती जागा मोकळी आहे, एवढीच नोंद या कॅशेत असते. खरा हिशेब एक्स्टेंट ट्रीत, म्हणजे वापरलेल्या जागेच्या मुख्य नोंदवहीत, असल्यामुळे कॅशे पुसला म्हणून फाइल जात नाही. लिनक्सच्या 'ड्रॉप कॅशेस' या कमांडचा इथे काहीही उपयोग नाही. तो रॅममधला पेज कॅशे झाला, हा डिस्कवरचा.

तीच ओळ दर बूटला येऊ लागली तर मात्र बीटीआरएफएस-प्रॉग्ज वापरायला घ्यावं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, 'एलएसबीएलके' या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने पार्टिशन ओळखा, ते माउंट नाही याची खात्री करा आणि आधी साधा 'बीटीआरएफएस चेक' चालवा. तो फक्त वाचतो, लिहीत काही नाही. मोठ्या डिस्कवर रॅम संपते, तिथे 'लोमेम' (कमी रॅमचा) मोड द्या; वेळ बराच जास्त लागतो, पण मधेच मरत नाही. तक्रार फक्त कॅशेची असेल तर त्याच 'चेक'ला 'क्लिअर-स्पेस-कॅशे व्ही१' हा पर्याय द्यायचा (व्ही१ म्हणजे या कॅशेची जुनी पद्धत, व्ही२ नवी). नव्या आवृत्त्यांत ही सोय 'बीटीआरएफएस रेस्क्यू' या कमांडखाली हलवली आहे. जुनी ट्युटोरियल्स बघून टाइप करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.

माउंट करताना नुसतं 'क्लिअर_कॅशे' दिलं तर भागत नाही का? व्ही१ असेल तर नाही. त्या माउंटमध्ये ज्या ब्लॉक ग्रुपमध्ये बदल झाले तेवढ्यांचाच कॅशे साफ होतो, बाकीचा कचरा तसाच राहतो. मॅन पेजमध्ये (टूलच्या माहितीपानात) हे लिहिलेलं आहे, वाचतं कोण!

सर्वांत डेंजर बटण म्हणजे 'चेक'चा 'रिपेअर' हा पर्याय. मोकळ्या जागेच्या तक्रारीला ते लावू नये. टूल स्वतः धोक्याची सूचना देऊन १० सेकंद थांबतं, तेवढ्यात कंट्रोल-सी दाबा. 'स्क्रब'ही इथे कामाचा नाही, कारण तो चेकसम (डेटा बिघडलाय का ते सांगणारे आकडे) तपासतो, कॅशेचा हिशेब नाही.

कायमचा इलाज व्ही२. व्ही१ पुसून झाल्यावर 'स्पेस_कॅशे=व्ही२' देऊन एकदा माउंट करा. पहिल्या माउंटला मोठ्या डिस्कवर वेळ लागतो, घाबरून रीसेट दाबू नका. पुढे कर्नल व्ही२ आपोआप ओळखतो. एफएसटॅबमध्ये (बूटला काय कसं माउंट करायचं त्या फाइलमध्ये) 'क्लिअर_कॅशे' मात्र ठेवू नका, नाहीतर दर बूटला कॅशेचं बांधकाम नव्याने सुरू. व्ही२ कर्नल ४.५ पासून आहे. त्याहून जुन्या कर्नलवर ती डिस्क फक्त वाचता येते. प्रॉग्ज ५.१५ पासून नवीन फॉरमॅटला व्ही२च मिळतो, म्हणून हे दुखणं मुख्यतः जुन्या डिस्कचं.

काम चोख, पर्यायांची मांडणी वैतागवाणी: पाचपैकी साडेतीन. एवढं करूनही एरर परत आली तर दोष टूलचा नाही. 'बीटीआरएफएस डिव्हाइस स्टॅट्स'मध्ये डिस्कच्या एररची मोजणी बघा आणि रात्रभर मेमटेस्ट लावून रॅम तपासा.