इस्लाममधल्या सुधारणा चळवळींवरचा रविवारचा कोर्स – जावा, पण मागं बसू नका

कोल्हापुरात दसरा चौकाच्या जवळ एका हॉलमध्ये रविवारी सकाळी चालतोय हा कोर्स, फी ५०० रुपये, त्यात चहा आणि झेरॉक्स नोट्स. पोस्टरवर प्रश्न होता की सुधारणांनी इस्लामची मूळ श्रद्धा बदलली का, आणि शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, नाही. म्हटलं झालं, आता काय ऐकायचं? पण खरा माल पुढंच आहे.

सरांचं म्हणणं असं की एक अल्लाह, फरिश्ते, किताबं, पैगंबर, कयामत आणि तकदीर (नशीब) ह्यावरचं ईमान, म्हणजे श्रद्धा, शिवाय कलमा नमाज रोजा जकात हज, ह्याला मोठ्या चळवळींनी हात लावला नाही, भांडण होतं ते शिक्षण, लग्न, तलाक ह्यावर. सर सय्यद अहमद खानांनी १८७५ ला अलीगढला कॉलेजची सुरुवात केली, ट्युनिशियानं १९५६ ला कायद्यानं दुसरी बायको करणं बंद केलं, तरी नमाज तीच राहिली. इथवर ठीक. पण त्याच रांगेत हमीद दलवाईंना बसवलं ते मला पटलं नाही. १९६६ ला सात बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढणारा, १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारा माणूस, त्याला श्रद्धेची डागडुजी करायचीच नव्हती, त्याला समान नागरी कायदा पायजे होता. सरांनी हे पाच मिनिटांत गुंडाळलं. आणि दसरा चौकात बसून तिथल्याच शाहू महाराजांच्या मुस्लिम बोर्डिंगचं नाव कुणी काढू नये म्हणजे कमालच की!

दुसऱ्या शिकवणाऱ्या मॅडमचा वहाबींवरचा तास मात्र एक नंबर. १७४४ च्या सुमाराला अरबस्तानातल्या नज्दमध्ये धर्मगुरू मुहम्मद इब्न अब्दुल वहाब आणि तिथला सरदार इब्न सौद एक झाले, आणि त्यांचा दावाच हा की आम्ही नवीन काही आणत नाही, मूळ तौहीदकडं, म्हणजे अल्लाह एकच ह्या श्रद्धेकडं, परत चाललोय. म्हणजे कागदावर श्रद्धांची यादी तीच. पण दर्ग्यात जाऊन वलीकडं (संताकडं) मागणं म्हणजे शिर्क, अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं, असं म्हटल्यावर काल जो मुसलमान होता तो आज बाहेर. उलट बाजूचे म्हणतात देणारा अल्लाहच, वली फक्त वसीला, मधला दुवा. आता हे कोल्हापुरात ऐकायचं, जिथं बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे आणि मोहरमला तालमीत पंजे बसतात, हिंदू पोरं पण पंजे खेळवतात! एक चाचा उठले, म्हणाले, "मॅडम, आमचे दादा पंजा उचलत होते आणि पाच वक्ताची नमाज पण पढत होते, मग त्यांचं ईमान कुठं कमी पडलं सांगा." मॅडम म्हणाल्या, "चाचा, ते ठरवणारी मी कोण, पण भांडण नेमकं ह्याचंच आहे." मला तरी हेच उत्तर पोस्टरवरच्या प्रश्नाला जास्त जवळचं वाटलं. यादी हलत नाही, त्या यादीत कोण बसतो हे हलतं.

अहमदियांना नोट्समध्ये जेमतेम अर्धं पान दिलंय, हे चुकलंच. १८८९ ला सुरू झालेली चळवळ, वाद थेट मुहम्मद हेच शेवटचे पैगंबर का ह्यावर, आणि १९७४ ला पाकिस्ताननं घटनादुरुस्ती करून त्यांना गैरमुस्लिम ठरवलं. ते स्वतः म्हणतात आम्ही पैगंबरांना खातमुन्नबीय्यीन (पैगंबरांची मोहर) मानतोच, फक्त आमचा अर्थ वेगळा. मुळाला हात लागतो का नाही हे तपासायचं तर ह्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं? ह्यावर अख्खा तास पायजे होता.

बाकी माइक खरखरतोय, मागच्या रांगेत निम्मं ऐकू येत नाही, झेरॉक्स इतकी फिकी की तारखा पेनानं गिरवून घ्याव्या लागल्या. चहा चांगला आहे. पाचपैकी साडेतीन, त्यातले अडीच मॅडमचे.